अरुंद नळी की कच्ची भिंत?

जुन्नर-आंबेगावच्या गावांत पक्षाघाताला आजही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. शब्दप्रयोग जुना आहे आणि त्यात एक समजूत दडलेली आहे. वारा आला आणि गेला, माणसाच्या हाती त्यात काही नव्हते, अशी ती समजूत. पुण्यातल्या रुग्णालयातून आठ-दहा दिवसांनी घरी परतणाऱ्या रुग्णासोबत मात्र कागदांचे जाडजूड पाकीट येते. त्यात मेंदूच्या एमआरआयच्या फिल्म असतात, मानेच्या डॉपलर सोनोग्राफीचा अहवाल असतो, गोळ्यांची चिठ्ठी असते. घरातल्या शिकलेल्या मुलाकडे तो अहवाल वाचण्याचे काम येते आणि त्याची नजर एका आकड्यावर थांबते. डाव्या कॅरोटिड धमनीत ४० टक्के अडथळा. म्हणजे साठ टक्के रस्ता मोकळा आहे, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. दोन-तीन महिन्यांत गोळ्या संपतात. हात थोडा उचलू लागलेला असतो, शेतात कांद्याची लागण चाललेली असते. पुन्हा पुण्याला जाणे लांबते आणि मग राहूनच जाते.

हा हिशेब चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे दाखवणारा पुरावा गेल्या दोन दशकांत जमा झाला आहे आणि तो प्रामुख्याने एमआरआयच्या एका वेगळ्या वापरातून आला आहे. मेंदूचे किती नुकसान झाले हे एमआरआय दाखवते, एवढे आता बहुतेकांना माहीत असते. तेच यंत्र मानेतल्या आणि डोक्यातल्या धमन्यांच्या भिंतीत काय साचले आहे, तेही दाखवू शकते. पुढचा झटका कोणाला येण्याची शक्यता अधिक आहे, याचे उत्तर अनेकदा त्या भिंतीत असते.

टक्केवारीला एवढे महत्त्व कसे आले, हे आधी पाहायला हवे. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांत मेदाचा थर साचतो. त्यावर गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि पक्षाघात होतो. हा थर शस्त्रक्रियेने खरवडून काढावा की नुसती औषधे द्यावीत, असा प्रश्न होता. उत्तर अमेरिकेतल्या ‘नॅसेट’ या मोठ्या चाचणीने १९९१ मध्ये त्याचे उत्तर दिले. ज्यांना झटका किंवा त्याची पूर्वसूचना येऊन गेली आहे आणि ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झाली आहे, अशा रुग्णांत नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण २६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर ते ९ टक्क्यांवर आले. फरक इतका मोठा होता की तेव्हापासून जगभर टक्केवारी हाच निर्णयाचा पाया झाला. सत्तरच्या वर शस्त्रक्रियेचा विचार, पन्नास ते सत्तरमध्ये तारतम्य आणि पन्नासच्या खाली औषधे, अशी विभागणी रूढ झाली.

त्या काळी हे योग्यच होते. धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात रक्ताचा प्रवाह दिसत असे, भिंत दिसत नसे. जे दिसते तेच मोजता येते. अडचण पुढे झाली. पन्नासच्या खालचा आकडा हा ‘शस्त्रक्रियेची गरज नाही’ एवढेच सांगत होता. त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावला जाऊ लागला.

धमनीतला अडथळा म्हटले की जुन्नरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठिबकची चोंदलेली नळी येते. पाण्यातले क्षार आतून बसत जातात, भोक बारीक होते आणि शेवटी पाणी थांबते. धमनीचे तसे नसते. मेदाचा थर नळीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही, तो भिंतीच्या आत, तिच्या पापुद्र्यांमध्ये वाढतो. त्यात कोलेस्टेरॉल असते, ते गिळायला आलेल्या आणि तिथेच मेलेल्या पेशी असतात, जागोजागी कॅल्शियम असते. या मऊ गाभ्यावर तंतूंचा एक पापुद्रा असतो, तो रक्ताला आणि गाभ्याला वेगळे ठेवतो. शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या धमन्यांबाबत दाखवून दिले की थर वाढू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतला मार्ग बराच काळ तसाच राखते. मानेतल्या धमन्यांतही असे घडते. म्हणजे आतून ३० किंवा ४० टक्केच अरुंद दिसणाऱ्या धमनीच्या भिंतीत बराच मोठा आणि बिघडलेला थर असू शकतो.

अशा थराचा पापुद्रा पातळ झाला की तो फाटतो. कधी थराच्या आत वाढलेल्या नाजूक केशवाहिन्या फुटतात आणि भिंतीच्या आतच रक्तस्राव होतो. त्यामुळे गाभा फुगतो, दाह वाढतो, पापुद्रा आणखी कमकुवत होतो. कालव्याच्या भरावाचेही असेच असते. वरून पाणी संथ वाहताना दिसते, पण भराव आतून पोखरला गेला असेल तर पाण्याची पातळी किती हा प्रश्न दुय्यम ठरतो. फुटण्याचा धोका भरावाच्या स्थितीवर ठरतो.

ही भिंत पाहण्याचे साधन म्हणजे एमआरआय. त्याचे तत्त्व समजून घ्यायला जुन्नर तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत आणि रेडिओ गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. दूरच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकणे, हे तिच्या मोठ्या कामांपैकी एक. एमआरआय यंत्रही हायड्रोजनच्याच रेडिओ लहरी ऐकते. फक्त तो हायड्रोजन माणसाच्या शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला असतो. बाहेरचा रेडिओ गोंगाट आत येऊ नये म्हणून एमआरआयच्या खोलीला सर्व बाजूंनी, बहुधा तांब्याच्या पत्र्याचे, अस्तर असते. योगायोग असा की या दोन्ही वाटा एकाच शास्त्रज्ञाच्या कामातून जातात. अमेरिकेतले एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये चुंबकीय अनुनादाचा शोध लावला. फेलिक्स ब्लॉख यांनीही तो त्याच सुमारास स्वतंत्रपणे लावला होता आणि दोघांना १९५२ चे नोबेल मिळाले. त्याच पर्सेल यांनी हॅरॉल्ड युएन यांच्यासह १९५१ मध्ये आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर पहिल्यांदा टिपली.

एमआरआयच्या मोठ्या चुंबकात शिरल्यावर शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा कल चुंबकाच्या दिशेने होतो. ठरावीक कंपनसंख्येच्या रेडिओ लहरीने त्यांना क्षणभर हलवले जाते. सर्वसाधारण १.५ टेस्ला यंत्रात ही कंपनसंख्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. लहर थांबली की केंद्रके मूळ स्थितीत परततात आणि परतताना स्वतः क्षीण संकेत सोडतात. चरबीतले केंद्रक किती वेळात परतते, पाण्यातले किती, साचलेल्या रक्ताजवळचे किती, यात फरक असतो. त्या फरकांतून चित्र तयार होते. धमनीच्या भिंतीत शिरलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे काही काळाने मेथहिमोग्लोबिन बनते. त्याच्या सान्निध्यात पाण्यातला हायड्रोजन चटकन मूळ स्थितीत येतो आणि विशिष्ट पद्धतीने काढलेल्या चित्रात तो भाग पांढराशुभ्र चमकतो. वाहत्या रक्ताचा संकेत दाबून टाकून फक्त भिंत उजळ दाखवण्याच्या पद्धतीही आहेत. यात क्ष-किरणांचा मारा नाही. भिंतीतला रक्तस्राव पाहण्यासाठी रंगद्रव्याच्या इंजेक्शनचीही गरज नाही.

आता पुराव्याकडे. वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले एक विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लक्षणे येऊन गेलेले ५६० आणि लक्षणे नसलेले १३६ रुग्ण होते. लक्षणे येऊन गेलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या थरात रक्तस्राव दिसला. धमनी पन्नास टक्क्यांहून कमी अरुंद असलेल्या गटात, रक्तस्राव असलेल्यांना त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण वर्षाला ९ टक्के होते आणि रक्तस्राव नसलेल्यांत ०.७ टक्के. धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या गटात हेच आकडे २९.३ टक्के आणि १.५ टक्के होते.

या चार आकड्यांतले दोन शेजारी ठेवून पाहावेत. जवळजवळ बंद झालेली, पण भिंतीत रक्त नसलेली धमनी वर्षाला दीड टक्का धोका दाखवते. ‘चाळीसच टक्के’ म्हणून सोडून दिलेली, पण भिंतीत रक्त असलेली धमनी नऊ टक्के दाखवते. सहा पट. गावाकडे परतलेल्या त्या पाकिटातल्या एका आकड्यावर विसंबणे किती महाग पडू शकते, हे यातून कळते. ज्यांच्या पक्षाघाताचे कारण नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाही अशा काही रुग्णांत, पक्षाघात झालेल्या बाजूच्या, फारशी अरुंद नसलेल्या धमनीत असाच बिघडलेला थर आढळल्याचेही अभ्यास आहेत.

एवढ्यावरून प्रत्येक रुग्णाने उठून एमआरआय केंद्राकडे धाव घ्यावी, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. त्याला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा उपचाराची. धोका जास्त आहे हे कळणे वेगळे आणि शस्त्रक्रियेने तो कमी होतो हे सिद्ध होणे वेगळे. पन्नास टक्क्यांखालच्या, पण भिंतीत रक्तस्राव असलेल्या धमनीवर शस्त्रक्रिया करावी, असे म्हणण्याइतका मोठ्या चाचणीचा आधार आज नाही. उलट औषधे सुधारल्याने शस्त्रक्रियेची गरजच नव्याने तपासली जात आहे. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या ‘ईसीएसटी-२’ या चाचणीच्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत, धमनी पन्नास टक्के किंवा अधिक अरुंद असूनही ज्यांचा एकूण धोका कमी किंवा मध्यम होता, अशा रुग्णांत उत्तम औषधोपचारापेक्षा शस्त्रक्रियेने किंवा स्टेंटने अधिक फायदा दिसला नाही. म्हणजे भिंतीच्या चित्राचा आजचा सर्वांत मोठा उपयोग दुहेरी आहे. कोणाची औषधे अजिबात ढिली पडू द्यायची नाहीत हे ते सांगते, आणि शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णाबाबत निर्णयाला मदत करते.

दुसरी मर्यादा जागेची. युरोप-अमेरिकेतले बहुतेक संशोधन मानेतल्या धमन्यांवर आहे. आशियाई रुग्णांत, त्यात भारतीयही आले, डोक्याच्या आतल्या धमन्यांत थर साचण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. या धमन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यांची भिंत पाहायला शक्तिशाली यंत्र, विशेष पद्धत आणि चित्र वाचणारा अनुभवी डोळा लागतो. तिथे स्टेंट बसवणे हा सोपा मार्गही नाही. ‘सॅम्प्रिस’ चाचणीत २०११ मध्ये दिसले की डोक्यातल्या धमनीत स्टेंट बसवलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू आला. कसून औषधोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के होते. इथेही अखेर गोळ्याच महत्त्वाच्या ठरल्या.

तिसरी मर्यादा सर्वांत कठोर आहे आणि ती घड्याळाची आहे. पक्षाघात चालू असताना भिंतीचे चित्र काढत बसायचे नसते. मेंदूचा रक्तपुरवठा करणारी मोठी धमनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. त्या वेळी पहिली गरज साध्या सीटी स्कॅनची असते, कारण रक्तवाहिनी फुटली आहे की बंद झाली आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची सोय काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येते, पण तिथेही लवकर येणाराच अधिक बरा होतो.

साडेचार तासांचा हा हिशेब या दोन तालुक्यांत मांडून पाहावा. नारायणगाव ते पुणे सुमारे ७५ किलोमीटर. वाटेत राजगुरुनगर आणि चाकण. चाकणची वाहतूक कोंडी हा रोजचाच विषय आहे. जुन्नरपासून अंतर आणखी वाढते. आहुपे किंवा हातवीजसारख्या सह्याद्रीच्या कड्यावरच्या आदिवासी गावातून तर घोडेगाव किंवा जुन्नर गाठण्यातच मोठा वेळ जातो. त्यात ‘थोडं पडू दे, बरं वाटेल’ म्हणून घालवलेला तास, ‘वारं गेलंय’ म्हणून तेल चोळण्यात गेलेला तास आणि ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही तिथे सलाइन लावून काढलेला तास मिळवला की इंजेक्शनची वेळ मंचरच्या पुढे सरकण्याआधीच टळलेली असते.

हे अपरिहार्य मानण्याचे कारण नाही. वेळेशी स्पर्धा करणाऱ्या एका संकटात याच परिसराने वाट दाखवलेली आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांसाठी वर्षानुवर्षे केलेले काम राज्यभर परिचित आहे. साप चावला की मांत्रिकाकडे जायचे नाही, वेळ न दवडता प्रतिविष मिळेल तिथे पोहोचायचे, ही जाणीव शाळांतून, ग्रामसभांतून आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणांतून रुजवली गेली. मण्यार चावल्यावर मिनिटे मोजायची असतात हे ज्या गावांना कळते, त्यांना तोंड वाकडे झाल्यावर मिनिटे मोजायची असतात हेही कळू शकते. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहत नाही, बोलणे अडखळले, यांतले एक लक्षण दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि लक्षण पहिल्यांदा किती वाजता दिसले ते लिहून ठेवावे. एवढा धडा पाठ होणे कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक जीव वाचवेल. ही लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तरी तो इशारा असतो. त्यानंतरचे काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार किती खोल रुजला आहे, याचा पुरावा दुसऱ्या टोकाहून, गडचिरोलीहून आला. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. म्हणजे सातांतला एक. पक्षाघात हेच तिथल्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले आणि त्यातले सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे या समजुतीला त्याने मूठमाती दिली.

तेव्हा प्रश्न यंत्र हवे की जाणीव हवी, असा नाही. कोणत्या टप्प्यावर काय हवे, हा आहे. पहिल्या काही तासांत हवे सीटी स्कॅन, इंजेक्शन आणि ते देण्याचा निर्णय घेणारा डॉक्टर. हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना मोबाइलवरून मोठ्या रुग्णालयांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांशी जोडले आणि डोंगराळ भागातच हे इंजेक्शन देण्यास सुरुवात केली. चित्र मोबाइलवर पाठवायचे, सल्ला घ्यायचा, इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्ण पुढे हलवायचा, अशी ती पद्धत. पुणे-नाशिक महामार्गावरच्या मंचर आणि नारायणगावसारख्या ठिकाणी असे केंद्र उभे करणे, हिमाचलच्या घाटांत ते उभे करण्याहून अवघड असण्याचे कारण नाही. शिरेतून एकाच मात्रेत देता येणारे टेनेक्टेप्लेस भारतात उपलब्ध आहे, त्यामुळे प्रवासात तासभर सलाइनचा पंप सांभाळण्याची अडचणही उरलेली नाही.

पहिले दिवस उलटल्यावर, रुग्ण स्थिर झाल्यावर, धमनीच्या भिंतीचा प्रश्न येतो. इथे एक साधी सुधारणा हाताशी आहे. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांचा मेंदूचा एमआरआय तसाही होतोच. त्याच वेळी, त्याच टेबलावर, मानेतल्या धमन्यांच्या भिंतीतला रक्तस्राव दाखवणारे एक चित्र काढायला जास्तीची सुमारे पाच मिनिटे लागतात. नेहमीच्या यंत्रावर आणि नेहमीच्या उपकरणांनी ते करता येते. वेगळी तारीख, वेगळा प्रवास, वेगळे बिल यांची गरज नाही. ज्या रुग्णाच्या मानेत थर आहे, पण अडथळा मध्यम आहे, किंवा ज्याच्या पक्षाघाताचे कारणच सापडलेले नाही, त्याच्यासाठी ही पाच मिनिटे मोलाची आहेत. हे ठरावीक पद्धतीत बसवणे हे रेडिओलॉजी विभागांच्या हातात आहे आणि सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये त्याचा स्पष्ट समावेश करणे शासनाच्या हातात आहे. जुना पेसमेकर किंवा शरीरात धातूचे काही भाग असलेल्या रुग्णांना एमआरआय करता येईलच असे नाही, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागते.

यंत्रांच्या किमतीचा अडसर खरा आहे. तोही कायमचा नाही. मुंबईची ‘समीर’ ही संशोधन संस्था स्वदेशी १.५ टेस्ला एमआरआय यंत्र विकसित करत आहे आणि त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. ही संस्था ज्या गटातून उभी राहिली तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलाच. खोडदच्या तबकड्या उभारणारी संस्थाही तीच. आकाशातला हायड्रोजन ऐकण्यासाठी देशाने जे कसब कमावले, ते तालुक्याच्या माणसाच्या मानेतला हायड्रोजन ऐकण्यासाठीही वापरता येते.

तिसरा टप्पा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे, तो म्हणजे घरी परतल्यानंतरची वर्षे. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा बदलता येण्याजोग्या दहा घटकांचा असतो आणि त्यात उच्च रक्तदाब पहिला आहे. भिंतीतला थर स्थिरावतो तो रक्तदाब आटोक्यात राहिल्याने, स्टॅटिनच्या गोळीने, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने, मधुमेहावर लक्ष ठेवल्याने आणि तंबाखू सुटल्याने. तंबाखूत बिडी आली, तशी सकाळी दातांना लावायची मशेरीही आली. घरातल्या बाईची मशेरी तंबाखूच्या हिशेबात धरायला डॉक्टरही कधीकधी विसरतात. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या नावातच पक्षाघात होता. २०२३ मध्ये नाव आटोपशीर झाले आणि पक्षाघात शीर्षकातून गेला. तो कामातून जाऊ नये, याची काळजी प्राथमिक आरोग्य केंद्रांनी घ्यायची आहे. पुण्यात लिहून दिलेली स्टॅटिनची गोळी आपटाळ्याला किंवा घोडेगावला विनाखंड मिळाली पाहिजे. झटका येऊन गेलेल्या माणसाचे नाव आशा कार्यकर्तीच्या वहीत असले पाहिजे आणि महिन्यातून एकदा त्याचा रक्तदाब मोजला गेला पाहिजे.

पुण्याच्या रुग्णालयांनीही घरी सोडताना एक पान मराठीत द्यावे. त्यात टक्केवारीसोबत तिचा अर्थही असावा. ‘अडथळा मध्यम आहे, म्हणून शस्त्रक्रिया केलेली नाही. थर मात्र आहे. गोळ्या स्वतःहून बंद केल्यास पुन्हा झटका येऊ शकतो. या गोळ्या कायमच्या आहेत.’ चार वाक्ये पुरेत. एमआरआयमध्ये भिंतीत रक्तस्राव दिसला असेल तर पाचवे वाक्य त्याचे असावे आणि ते ठळक अक्षरांत असावे. जुन्नर किंवा मंचरच्या डॉक्टरांना ते पान पुढच्या तपासणीत उपयोगी पडेल. घरच्यांना तर ते रोजच लागेल.

विज्ञानाने भिंतीच्या आत डोकावण्याची सोय केली, तिचा खरा फायदा यातच आहे. कोणाचा आकडा मोठा आणि कोणाचा लहान, या मोजणीपलीकडे जाऊन कोणाला अधिक जपायचे हे ती सांगू शकते. कांद्याच्या लागणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या तेव्हा ‘चाळीसच टक्के’ म्हणून गप्प बसलेल्या घराला, त्या धमनीची भिंत कच्ची आहे एवढे कळले असते, तर मंचरच्या बाजाराला निघालेल्या कोणाकडे तरी गोळ्यांची चिठ्ठी नक्कीच दिली गेली असती.